जिवंतांच्या यादीत

लेमव्हिग, २० जानेवारी

व्हिबेके,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे सरळ कचऱ्यात टाकशील, याची मला जवळजवळ खात्री आहे. तरी लिहिते. फेरो बेटांवरचा तुझा पत्ता तुझ्या मावसबहिणीकडून काढला. तिला बोल लावू नकोस. ती बिचारी नाही नाही म्हणत होती, शेवटी मला कंटाळून दिला तिने.

कामाचंच बोलते. वाचनालयातून निवृत्त झाल्यावर घरी बसून भिंतींशी बोलायची वेळ आली होती. दर बुधवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत काही म्हातारी मंडळी जमतात आणि इंटरनेटवरच्या त्या मुक्त ज्ञानकोशात लेख लिहितात. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, असा तिथला कारभार. मला त्यात रिग्मोरने ओढलं. बेकरीवाली रिग्मोर, जिच्या जिभेला हाड नाही, ती.

तिथे मी एकदा सहज एस्किलचं नाव घालून पाहिलं. चार ओळी निघाल्या, आणि त्यातल्या एका ओळीत तो स्वीडनचा असल्याचं म्हटलं होतं. माझा सख्खा भाऊ, इथल्या लिमफियॉर्ड खाडीच्या चिखलात गुडघे काळे करून वाढलेला, आणि स्वीडनचा. मी त्याच दुपारी लिहायला बसले. आता त्या लेखात त्याचे सगळे माहितीपट आहेत, त्यांच्यावर कोण काय म्हणालं ते आहे, वाक्यागणिक तळटीप आहे. मी तिथे ‘बगळा’ या टोपणनावाने लिहिते. नातेवाइकांनी लिहू नये असा नियम आहे. तो मला माहीत आहे, एवढंच सांगते.

नाताळाआधी लेख सहपरीक्षणाला टाकला. म्हणजे इतर लिहिणारे तो वाचतात, खोट काढतात, आपण सुधारायचं. पार पडला तर त्याला ‘उत्कृष्ट’ ठरवतात आणि एक दिवस तो ज्ञानकोशाच्या पहिल्या पानावर येतो. मला तो तिथे यायला हवा आहे. एकच दिवस का होईना, लोकांनी सकाळच्या कॉफीबरोबर एस्किल रावनकिल्ड हे नाव वाचावं. त्या माणसाचे माहितीपट आता कुठे लागत नाहीत, व्हिबेके. विसरले त्याला.

परीक्षक लाभलाय तो प्रेबेन नावाचा, ट्योनरचा निवृत्त कस्टमवाला. जन्मभर सरहद्दीवर गाड्यांच्या डिक्क्या उघडून पाहिल्या, आता माझी वाक्यं उघडून पाहतो. ‘प्रभावी’ कोण म्हणालं? ‘बहुधा’ म्हणजे कुणाच्या मते? सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. पण लेख सुधारला, हे कबूल करायला हवं. अडलं ते शेवटच्या परिच्छेदापाशी. मी लिहिलं होतं की अकरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये थ्युबोरोनजवळ समुद्रात बुडून त्याचा मृत्यू झाला. प्रेबेनने विचारलं, हे छापून कुठे आलंय?

मी सगळी जुनी वर्तमानपत्रं चाळली. बेपत्ता, असं आहे. शोध थांबवला, असं आहे. होडी सापडली आणि तिच्यात कॅमेऱ्याची पेटी कोरडी ठणठणीत सापडली, हेसुद्धा आहे. मेला, असं एकाही ठिकाणी नाही. का नाही, ते तुला माहीत आहे. त्याला मृत घोषित करावं असा न्यायालयात अर्ज तू करायचा होतास. मी करायला निघाले तेव्हा वकील म्हणाला, बायकोचा विरोध असताना बहिणीचं कोण ऐकणार.

तेव्हा मागणं हे आहे. तो अर्ज कर. अकरा वर्षं झाली. त्या नोव्हेंबरात चर्चमध्ये वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली, त्यात मी पाद्रीबाईंना त्याचंही नाव घ्यायला लावलं, म्हणून तू बाकावरून उठून चालती झालीस. चर्चमधूनही आणि गावातूनही. मी तेव्हा बरोबर होते, आजही आहे. पण ते आता पुरे.

टोवे


लेमव्हिग, १७ फेब्रुवारी

व्हिबेके,

उत्तर नाही. ठीक आहे.

तुझ्या गप्प बसण्याने काय झालं ते तरी ऐक. प्रेबेनने एस्किलला जिवंत व्यक्तींच्या यादीत टाकलं. ज्ञानकोशात तशी एक वेगळी यादीच असते, कारण जिवंत माणसाबद्दल लिहिताना जास्त जपून लिहावं लागतं. त्याने कारण दिलं, "मृत्यूचा पुरावा छापलेला नाही. तोवर व्यक्ती जिवंत धरावी लागेल." त्यात त्याचं काही चुकलं नाही. नियम तसाच आहे. पण मी सकाळी काळ्या पावावर लोणी लावत होते, आणि पडद्यावर ते वाचून सुरी तशीच हातात राहिली.

दुसऱ्या दिवशी फोटो गेला. वर्तमानपत्रातला तो एकच तर बरा फोटो होता. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहणाऱ्या माणसाचे फोटो असणार कुठून? मेलेल्या माणसाचा असा उसना फोटो ज्ञानकोशात चालतो, कारण नवा काढता येत नाही. जिवंताचा चालत नाही. प्रेबेनने लिहिलं, "व्यक्ती हयात असल्यामुळे कुणीतरी तिचं नवं छायाचित्र काढून देऊ शकेल."

बुधवारी मी हे मंडळींना सांगितलं. रिग्मोर कॉफी ओतता ओतता म्हणाली, "मग काढ ना. जिवंत आहे म्हणतात तर घरी बोलाव, केस विंचर त्याचे आणि काढ फोटो. आणि येताना बेकरीत पाठव, माझ्याकडे त्याची उधारी आहे." सगळे हसले, मीही हसले. तिच्या मनात वाईट नव्हतं. तुला माहीत आहे, आपल्याकडे माणसाला फार वाईट वाटायला लागलं की थट्टाच करतात. पण कॉफी अर्धी टाकून मी घरी निघाले.

शनिवारी मी कॅमेरा घेऊन थ्युबोरोनला गेले. का गेले ते विचारू नकोस. दगडी बांधावर वारा असा होता की टोपी हातात धरूनच चालले. जिथून त्याने होडी सोडली तिथून फोटो काढले, समुद्राचे, बांधाचे, कशाचेही. घरी आल्यावर एका फोटोत बांधाच्या टोकाला काळं काहीतरी उभं दिसलं. तो खांब आहे. तिथे खांब आहे हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी तो फोटो मोठा करून पाहिला, आणि मग आणखी मोठा करून पाहिला.

अर्जाचं मनावर घे. मला हे सोसत नाही.

टोवे


लेमव्हिग, २ एप्रिल

व्हिबेके,

हे पत्र टाकू नकोस. आधीची टाकलीस तरी चालतील, हे वाच.

एस्किलच्या तिसऱ्या माहितीपटाची सुरुवात आठवते? ईल मासे पकडणाऱ्या म्हाताऱ्याचं गुणगुणणं, आणि पडद्यावर नुसतं धुकं. लेखात मी लिहिलं होतं की तो आवाज होडीत मुद्रित केला. एका परीक्षणात तसं छापलं आहे, ते मी पुरावा म्हणून जोडलंही होतं. गेल्या आठवड्यात कुणीतरी, नाव न लावता, ते बदललं. लिहिलं, "होडीत नव्हे. स्वयंपाकघरात. नीट ऐकलं तर मागे किटली ऐकू येते."

मी तो माहितीपट काढून ऐकला, दहादा तरी ऐकला. किटली आहे.

ते तुमचंच स्वयंपाकघर ना? तिथे त्या दिवशी तो म्हातारा होता, तू होतीस आणि एस्किल होता. म्हातारा केव्हाच गेला. तू माझी पाकिटंसुद्धा उघडत नाहीस, तू कशाला ज्ञानकोश उघडशील. मग राहिलं कोण?

नाव न लावता लिहिलं की तिथे संगणकाचा क्रमांक उमटतो, आणि त्यावरून देश कळतो. नॉर्वे, व्हिबेके. आपल्या किनाऱ्यावरून पाणी कुठे जातं ते तुला सांगायला नको. थ्युबोरोनच्या कोळ्यांची सुटलेली जाळी, खोकी, सगळं तिकडच्याच किनाऱ्याला लागतं. इथलं पोरसुद्धा सांगेल, आपलं हरवलेलं नॉर्वेत शोधावं.

प्रेबेनने ती ओळ काढून टाकली. "छापील आधार नाही, मूळ मजकूर परत आणला." मी ती पुन्हा घातली. त्याने पुन्हा काढली. मी पुन्हा घातली. तेव्हा त्याने मला अगदी सभ्य शब्दांत ताकीद दिली. मग काल त्याच क्रमांकावरून आणखी एक बदल झाला. एका समीक्षकाने एस्किलला ‘उदास स्वभावाचा’ म्हटलं होतं, मी ते घेतलं होतं. ते वाक्य गेलं, आणि कारणाच्या जागी तीनच शब्द होते: "तो उदास नव्हता."

स्वतःबद्दल असं परक्यासारखं बोलायची त्याला सवयच होती. आई ओरडली की म्हणायचा, "एस्किलने काही केलं नाही." आठवतं?

त्या क्रमांकाच्या पानावर मी निरोप ठेवला आहे: "तू आहेस का?" अजून उत्तर नाही. मी दर थोड्या वेळाने जाऊन पाहते. दूध उतू जातं, फोन वाजून बंद पडतो. मला वेड लागलेलं नाही, तेवढं लक्षात ठेव.

टोवे


लेमव्हिग, १२ मे

व्हिबेके,

तो अर्ज करू नकोस. जानेवारीत मी काय लिहिलं ते विसर. तू उठून गेलीस ते बरोबर केलंस, एवढंच आज म्हणते, आणि हे माझ्या तोंडून निघायला काय लागलं ते तू जाणतेस.

वरची खोली उघडली आहे. सगळ्या खिडक्या उघड्या टाकून दोन दिवस वारा खेळवला, गादी उन्हात घातली, स्वच्छ चादर घातली. त्याचा तो निळा लोकरीचा स्वेटर पेटाऱ्यात होता, कसरीने कोपरावर खाल्ला होता, तो रफू केला. रिग्मोर आली होती, तिने जिन्यातून वर पाहिलं. नेहमी काहीतरी टोचून बोलणारी बाई, ती नुसती म्हणाली, "पाहुणे येणार आहेत का गं?" मी म्हटलं, सांगता येत नाही. ती केक तसाच ठेवून गेली.

प्रेबेनने परवा सगळ्यांसमोर, लेखाच्या चर्चापानावर मला विचारलं, "बगळा, तुमचं या व्यक्तीशी काही नातं आहे का? असेल तर सांगावं, त्यात कमीपणा नाही." मी लिहिलं, नाही. लगेच लिहिलं, विचारसुद्धा केला नाही. नातं आहे म्हटलं असतं तर मला लेखातून हात काढावा लागला असता. आणि मी हात काढला तर तो पुन्हा आला तेव्हा तिथे असणार कोण? प्रेबेन? पुरावा मागायला?

तरी ‘नाही’ हा शब्द तिथे राहिला आहे. ज्ञानकोशात काही पुसलं जात नाही, मागचं सगळं कुणालाही काढून पाहता येतं. एस्किलने तो पाहिला तर, हा विचार पाठ सोडत नाही.

हर्ट्सहाल्सहून नॉर्वेला जाणाऱ्या बोटीचं तिकीट काढलं आहे, जूनच्या मध्याचं. क्रिस्तियानसानला उतरेन. पुढे कुठे जायचं ते ठरवलेलं नाही. तू बरोबर आलीस तर मला बरं वाटेल. एकटीला भीती वाटते, की सापडणार नाही. खरं सांगायचं तर दुसरीही भीती वाटते.

टोवे


लेमव्हिग, ९ जून

व्हिबेके,

अकरा वर्षांनी तुझं पत्र आलं आणि ते असं आलं.

"टोवे, स्वयंपाकघराची ओळ मी लिहिली. उदास नव्हता, हेही मीच. मी जहाजावर स्वयंपाकी आहे, फावल्या वेळात तिथल्या संगणकावर वाचत होते. तुझी सगळी पत्रं वाचली. मी त्याला मेलेला म्हणू दिलं नाही, एवढंच केलं. पण त्याच्यासाठी मी कधी अंथरूण घातलं नाही. तू घालायला लागलीस. मला ते वाचून झोप नाही. न्यायालयात अर्ज केला आहे."

जहाजावरचं इंटरनेट नॉर्वेतून फिरून येतं, हे मला कोण सांगणार होतं? आणि माझा निरोप तू वाचला होतास. "तू आहेस का?" असं मी विचारलं होतं. हो किंवा नाही म्हणायला तुला काय झालं होतं?

अर्ज मागे घे. मी हात जोडते.

टोवे


लेमव्हिग, ४ डिसेंबर

व्हिबेके,

उन्हाळाभर तुझ्यावर इतकी चिडले होते की पत्राला हात लावला नाही. आज लिहिते, कारण झालं ते तुला सांगायलाच हवं.

नॉर्वेला मी गेले. तिकिटाचे पैसे परत मिळत नव्हते, हे मी रिग्मोरला सांगितलेलं कारण. क्रिस्तियानसानच्या बंदरावर बाकावर बसून वॅफल खाल्लं आणि साठीच्या पुढच्या पुरुषांचे चेहरे पाहिले. एकजण एस्किलसारखा पोक काढून चालत होता. मी त्याच्यामागे पार मासळीबाजारापर्यंत गेले. त्याने वळून पाहिलं आणि विचारलं, "बाई, काही हवंय का?" मी म्हटलं, नाही, माफ करा. संध्याकाळच्या बोटीने परत आले. वरच्या खोलीतली चादर काढून धुतली आणि घडी करून ठेवली. त्या दिवशी मी फार रडले.

त्यानंतर लेखाला हात लावला नाही. पण सरकारी राजपत्र मात्र रोज पाहत होते. तू अर्ज मागे घेतला असशील, अशी आशा होती, आणि असं आशेने पाहण्याची लाजही वाटत होती. गेल्या महिन्यात ते आलं. लहान अक्षरात, दोन दिवाळखोरांच्या नोटिशींमध्ये. एस्किल रावनकिल्ड, जन्म लेमव्हिग, न्यायालयाने मृत घोषित केले.

जानेवारीत मला हेच हवं होतं. हा कागद मिळाला असता तर मी उडी मारून लेखात घातला असता. आता पान उघडायचे, तो अजून जिवंतांच्या यादीत दिसायचा, आणि पान बंद करायचे. आज नको, असं रोज म्हणायचे. मग वाटायला लागलं की मी त्याला तिथे कोंडून ठेवलं आहे. ना घरचा, ना समुद्राचा.

सोमवारी सकाळी मी प्रेबेनला लिहिलं. नातं आहे, सख्खी बहीण आहे, मे महिन्यात खोटं बोलले. वाटलं, आता हा मला हाकलून देणार. त्याचं उत्तर तासाभरात आलं, नेहमीसारखं कोरडं. "सांगितलंत ते बरं केलंत. यापुढे लेखात तुम्हाला स्वतः बदल करता येणार नाही. काय बदलायचं ते चर्चापानावर लिहून विनंती करा, मी करीन."

संताप आला. शेवटी कस्टमवालाच तो. सगळी वर्षं मी भांडले कशासाठी, तर माझ्या भावाला गेला म्हणता यावं म्हणून. आणि आता म्हणायची वेळ आली तर माझा हात चालणार नाही, अर्ज करावा लागणार, तोही सगळ्या जगासमोर.

बसले लिहायला. आधी लिहिलं, "न्यायालयाच्या निर्णयानुसार संबंधित व्यक्ती". खोडलं. मग लिहिलं, "राजपत्रातील सूचना पाहावी". तेही खोडलं. वाचनालयात मी आयुष्यभर असली वाक्यं लिहिली आहेत, कुणी मेलं तरी कळू नये अशी. मला सुचेना. तोंडाने म्हणून पाहावं म्हटलं, आणि तेव्हा कळलं की हे मी कधी म्हटलेलंच नाही. चर्चमध्ये पाद्रीबाईंना म्हणायला लावलं. वकिलाला, वर्तमानपत्रांना, तुला म्हणायला लावत होते. स्वतः कधी नाही.

शेवटी हे लिहिलं:

"माझा भाऊ एस्किल वारला. राजपत्रातली सूचना सोबत जोडली आहे. कृपया लेखात तसा बदल करावा. टोवे रावनकिल्ड, बहीण."

‘बगळा’ नाही, माझं नाव लिहिलं. पाठवलं आणि लगेच उठून भांडी घासायला घेतली, जी घासलेलीच होती.

परत येऊन पाहिलं तर प्रेबेनचं उत्तर होतं, "बदल केला." त्याला मृतांच्या यादीत नेलं होतं. लेख उत्कृष्ट ठरेल की नाही ते पुढच्या वर्षी कळेल, मला आता त्याची घाई नाही. पण उत्तराखाली आणखी काही ओळी होत्या. त्यात काही पुरावा मागितलेला नव्हता. लिहिलं होतं, "राजपत्रात ते मी आधीच वाचलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. टोवे, तुमचा भाऊ गेला, मला वाईट वाटलं."

व्हिबेके, अकरा वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. लोक वाईट नाहीत. म्हणायचं कसं, हेच त्यांना कळत नव्हतं. गेला म्हणावं तर तू रागावणार, नाही म्हणावं तर मी. रिग्मोर केक घेऊन यायची आणि वाऱ्यापावसाबद्दल बोलून जायची. ते एक वाक्य वाचून मी खुर्चीत बसून राहिले. बाहेर उजाडलेलं होतं, रस्त्यावर माणसं होती, आणि माझा भाऊ मेला होता. इतकं साधं होतं ते.

मग तुझी आठवण झाली. तुला तरी कुणी म्हटलं असेल? बायको तू होतीस. सगळ्यांत आधी तुझ्याकडे यायला हवं होतं, आणि आम्ही सगळे तुझ्याशी नियमांवर भांडत बसलो, मी सगळ्यांत जास्त. कागदावर तू सही केलीस तेव्हाही समोर कुणी कारकूनच असेल, पेन पुढे करणारा.

म्हणून मी म्हणते. उशिरा म्हणते, पण मी म्हणते.

व्हिबेके, तुझा एस्किल गेला. मला फार फार वाईट वाटतं.

तुझी नणंद,
टोवे